पिस्तुलाआधी नजर : असईच्या रणभूमीवरचे तीन धडे

१/ आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल शिकवणारे जाणते प्रशिक्षक नेमबाजीइतकेच महत्त्व नजरेला देतात. अमेरिकी मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर यांनी १९७२ मध्ये वैयक्तिक संरक्षणाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले पहिले तत्त्व होते सावधपणा.

२/ मनाच्या अवस्था त्यांनी रंगांनी सांगितल्या. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे शांत, पण जागरूक. नारिंगी म्हणजे विशिष्ट धोक्यावर लक्ष. लाल म्हणजे लढण्याची सिद्धता. पांढऱ्या अवस्थेत गाठलेल्या माणसाला कमरेचे शस्त्र बहुधा उपयोगी पडत नाही.

३/ या सवयींचे मोल पिस्तुलाच्या शाळांहून जुने आहे. परतूर ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी ते रक्ताने मोजले गेले.

४/ एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे विशाल सैन्य. त्यात पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचे सुमारे १०,८०० कवायती पायदळ आणि शंभराहून अधिक तोफा. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याची एकूण फौज दहा हजारांच्या आत होती.

५/ पहिला धडा : परिसर वाचणे. मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन्ही काठांवर समोरासमोर दिसली. इतकी जवळची गावे येण्याजाण्याच्या वाटेवाचून वसत नाहीत, असा तर्क त्याने केला. शोध घेता उतार सापडला आणि सैन्य पार झाले.

६/ मराठ्यांच्या बाजूनेही नजर जागी होती. शत्रू बगलेवर येतो आहे हे ओळखून पोलमनने आपली फळी काटकोनात वळवली आणि नव्या दिशेला तोंड करून उभी केली. लढाईच्या तोंडावर अशी हालचाल या फौजेला साधेल, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती.

७/ दुसरा धडा : आकुंचित नजर. भयाच्या क्षणी दृष्टी समोरच्या एकाच गोष्टीला चिकटते, म्हणून आजचे प्रशिक्षक मुद्दाम डावीउजवीकडे पाहायला लावतात. असईत आघाडीच्या तुकड्यांचा प्रमुख कर्नल ऑरॉक ठरलेली दिशा सोडून थेट असई गावाकडे सरकत गेला. ७४ वी पलटण त्याच्यामागे गेली आणि गावातल्या तोफांच्या माऱ्यात तिची दाणादाण उडाली.

८/ वेलस्लीने या चुकीबद्दल पुढे खेद व्यक्त केला. मात्र त्याहून तीव्र माऱ्यात कोणी सैन्य नेणे शक्य नव्हते, हेही त्याने मान्य केले. ऑरॉककडे शौर्य होते. दिशेचे भान मात्र सुटले होते.

९/ तिसरा धडा : लढाई संपली असे वाटते, तो क्षण. इंग्रज पायदळ तोफांची रांग ओलांडून पुढे गेले. मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि शत्रूच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः मागे फिरावे लागले.

१०/ पिस्तुलाच्या सरावात गोळी झाडल्यावर शस्त्र लगेच म्यानात घालू देत नाहीत. आधी पडलेल्याकडे, मग दोन्ही बाजूंना, मग पाठीमागे पाहावे लागते. ही शिस्त वरकरणी कर्मकांड वाटते. असईच्या गोलंदाजांनी तिचे कारण दाखवून दिले.

११/ विजयी इंग्रज बाजूचे सुमारे १,६०० लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. मराठ्यांची हानी त्याहून कितीतरी मोठी होती. शस्त्रांची उणीव कोणत्याच बाजूला नव्हती. नदीचा उतार हेरला तो नजरेने, ७४ वी पलटण गमावली ती नजर चुकल्याने, आणि जिंकलेल्या तोफा पुन्हा धडाडल्या त्या मागे वळून न पाहिल्याने.