कार्ट्रिजची कुळकथा

रसायनांच्या कारखान्यात मास्कला लावायच्या कार्ट्रिजवर रंगीत पट्टा असतो. युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा सेंद्रिय द्रावकांच्या वाफेसाठी, पिवळा सल्फर डायऑक्साइडसाठी आणि हिरवा अमोनियासाठी. एकच कार्ट्रिज सगळ्यांना का पुरत नाही, हे तिच्या घडणीतूनच उलगडतं.

पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने हिंगुळाच्या कामावरच्या मजुरांची नोंद केली आहे. विषारी धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून ते जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी चेहऱ्यावर बांधत. त्याने धूळ अडत असे, वायू नाही. वायू अडवण्याची वाट १८५४ मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउसने दाखवली. त्याच्या मास्कमध्ये तारेच्या दोन जाळ्यांमध्ये लाकडी कोळशाची पूड होती. कोळसा सच्छिद्र असतो आणि त्याच्या छिद्रांच्या भिंतींना वायूचे रेणू चिकटून राहतात. आजच्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधलं हे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. १८७१ मध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडलने अग्निशामकांसाठी कोळशाला ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या कापसाची जोड दिली. धुराचे कण कापसाने धरायचे आणि वाफा कोळशाने.

खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. न्यूफाउंडलंडचे डॉक्टर क्लुनी मॅकफर्सन यांनी फ्लॅनेलचा बुरखा तयार केला. तो छायाचित्रकार वापरतात त्या हायपोत भिजवलेला असे आणि क्लोरीन त्यात निष्प्रभ होई. पण फॉस्जीन या दुसऱ्या विषारी वायूपुढे हायपोचं काही चालेना. म्हणून बुरख्याच्या द्रावणात आधी सोडियम फिनेट आणि मग हेक्झामीन आलं. १९१६ मध्ये ब्रिटिश सैनिकांना छातीशी बांधायची पेटी मिळाली. तिच्यात कोळसा होता आणि परमँगनेट मिसळलेल्या सोडालाइमचे दाणेही होते. आजची कार्ट्रिज याच पेटीच्या वंशातली. हिरव्या पट्ट्याच्या कार्ट्रिजमधल्या कोळशावर अमोनियाला धरणाऱ्या क्षारांचा लेप असतो, कारण नुसता कोळसा अमोनियाला नीट धरत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर तो जवळजवळ अडवतच नाही. त्यासाठी युद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांपासून हॉपकलाइट तयार करावं लागलं.

 

म्हणून कामगाराच्या हाती मास्क देण्याआधी हवेत कोणता वायू आहे आणि तो किती आहे, हे मालकाने शोधून त्याला सांगितलंच पाहिजे. कोळशाची छिद्रं भरली की कार्ट्रिज निकामी होते, तेव्हा ती बदलायची वेळही आधीच ठरलेली हवी. वास येईपर्यंत थांबणं म्हणजे कामगाराच्या नाकावर चाचणी घेणं. आणि टाकीत किंवा गटारात ऑक्सिजनच कमी असेल, तर कोणत्याही रंगाची कार्ट्रिज जीव वाचवत नाही, कारण ती हवा गाळते, ऑक्सिजन पुरवत नाही. तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारं साधन नसेल, तर माणसाला आत उतरवूच नये.