हवाई बेटावरील वार्षिक उत्सव

प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहात सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच आहे. तेथील हिलो शहरात दरवर्षी पुनरुत्थान रविवारी 'मेरी मोनार्क' उत्सवाचा आरंभ होतो व तो आठवडाभर चालतो. या इंग्रजी नावाचा अर्थ 'आनंदी राजा'. राजा कालाकौआ याच नावाने ओळखले जात.

हुला नृत्य हा या उत्सवाचा प्राण होय. पूर्वी हवाई भाषा लिहिली जात नव्हती. राजवंशांच्या वंशावळी व इतिहास पठणगीते आणि हुला यांतून पुढील पिढ्यांना मिळत. १८२० साली आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना हे नृत्य अधर्म वाटले. ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानू यांनी १८३० साली जाहीर हुलावर बंदी घातली. कालाकौआ यांनी १८८३ च्या आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात त्यास पुन्हा मान दिला. हिलोचा उत्सव १९६४ साली सुरू झाला व १९७१ पासून तेथे हुला स्पर्धा होते. तीत 'काहिको' हा प्राचीन व 'आउआना' हा आधुनिक असे दोन्ही प्रकार सादर होतात.

जूनमध्ये कामेहामेहा दिनी कोहाला येथे या राजाच्या पुतळ्यास 'लेई' म्हणजे फुलांचे लांब हार घालतात. नोव्हेंबरात कोना येथे कॉफी उत्सव भरतो.

लोकांच्या परंपरांतील चांगले ते जपावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात म्हटले आहे. धर्माच्या नावाने दूर सारलेल्या हुलाचा उत्सव पुनरुत्थानाच्या दिवशी सुरू व्हावा, हे आम्हांस चिंतनीय वाटते.