दातांवरचा आळ

पोवळ्याची बोटभर कांडी, तिला चांदीची मूठ, मुठीला घुंगरे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपीय चित्रांत सुखवस्तू घरच्या तान्ह्या मुलांजवळ हे खेळणे पुष्कळदा दिसते. शिवशिवणाऱ्या हिरड्यांना गार, टणक पोवळे चावायला बरे वाटे. शिवाय पोवळे अरिष्ट टाळते, अशी समजूत होती. तान्ह्यांच्या अंगावर ते बांधण्याची चाल प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवली आहे. आजच्या टीथरचा हा पूर्वज अर्धा खेळणे होता, अर्धा ताईत.

ताईत लागे, कारण दात येणे जीवघेणे मानले जाई. सोळाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे यांनी आठ महिन्यांच्या एका मृत बालकाची हिरडी कापून पाहिली. आत दात तयार होते. हिरडी वेळीच चिरली असती तर मूल वाचले असते, असे त्यांनी ठरवले. पुढे तीनशे वर्षे डॉक्टर तान्ह्यांच्या हिरड्या चिरत राहिले. इंग्लंड-वेल्सच्या १८३९ च्या सरकारी मृत्यूनोंदीत ५,०१६ मृत्यूंचे कारण एकाच शब्दात दिले आहे: ‘टीथिंग’.

भाषांतर करताना ‘दात येणे’ असे लिहून पुढे जाता येते. पण मृत्यूच्या रकान्यात हा शब्द कारण सांगत नाही, फक्त वय सांगतो. दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येऊ लागतात. त्याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, वरचे अन्न सुरू होते, मूल रांगू लागते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. जुलाब आणि ताप यांतून येत. दात तेवढा डोळ्यांना दिसे, म्हणून आळ त्याच्यावर आला.

त्यातून औषधही चुकले. इंग्लंडमध्ये घरोघरी दिल्या जाणाऱ्या ‘टीथिंग पावडरीं’त कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. काही मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, त्यांना उजेड सोसत नसे, ती सारखी किरकिरत. काहींचे तर आलेले दातच पडत. या ‘पिंक डिसीज’चे कारण अनेक दशके कळले नव्हते. अमेरिकेत सिनसिनाटीच्या जोसेफ वॉर्केनी आणि डोनाल्ड हबर्ड यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. ते त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या पावडरींतून पारा गेला आणि थोड्याच वर्षांत आजारही जवळजवळ नाहीसा झाला.

‘दात येताहेत ना, मग जुलाब व्हायचेच,’ हे वाक्य मराठी घरांत अजून ऐकू येते. त्या धीरात एखादा दिवस निघून जातो, क्षारसंजीवनी पाजायची राहते आणि मूल सुकत जाते. हिरड्यांना चावायला स्वच्छ, गार टीथर दिला की पुरे. जुलाब लागले असतील तर मात्र दाताकडे बोट न दाखवता पाणी, बाटली आणि वाटी आधी पाहावी.