पाच मैलांतील घर

मोरवा गावातील जुन्या घरांकडे आपल्या आगरी ज्ञातीतील तरुण मंडळी दारिद्र्याची खूण म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखकानेही एके काळी तसेच पाहिले. त्या चुकीची कबुली देऊन एका थोर वास्तुशिल्पकाराचा परिचय ज्ञातिबांधवांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लॉरी बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊन ते दुसऱ्या महायुद्धात रुग्णसेवेसाठी चीनमध्ये गेले. परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईस राहिले असता गांधीजींची भेट घडली. बेकर यांच्या पायांतील हाताने शिवलेल्या कापडी चिनी जोड्यांनी गांधीजींचे लक्ष वेधून घेतले. आदर्श खेड्यातील घरे पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातूनच बांधलेली असावीत, असा विचार गांधीजींनी त्यांस सांगितला. हा केवळ उपदेश नव्हता. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे मीराबेन यांनी माती, बांबू व कौले यांतून उभारलेली बापूकुटी आजही त्याची साक्ष देते.

बेकर यांस प्रथम हा विचार अव्यवहार्य वाटला. परंतु १९४५ साली कुष्ठसेवेसाठी ते हिंदुस्थानात आले आणि पुढे हिमालयात पिथोरागढ येथे अनेक वर्षे राहिले. तेथील पहाडी गवंड्यांची दगड-लाकडाची घरे पाहून ते जणू त्यांचे शिष्यच झाले. नंतर केरळात त्यांनी अगणित घरे बांधली. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवल्यास सुमारे चतुर्थांश विटा वाचतात व घर थंड राहते. स्लॅबमध्ये जुनी कौले घातल्यास काँक्रीट कमी लागते. विटांच्या जाळीतून वारा खेळतो, खिडकीचा खर्च टळतो. मोडलेल्या घरांची दारे-चौकटी ते आवर्जून वापरीत. १९९० साली त्यांस 'पद्मश्री' मिळाली व १ एप्रिल २००७ रोजी ते निवर्तले.

आता आपल्या गावाकडे वळू. आमच्या वडिलांचे घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले होते. सागाचे खांब, वर कौले, पुढे ओटी, मागे पडवी. मिठागरावरून उन्हात करपून आलेला माणूस ओटीवर टेकला की क्षणात निवत असे. १९९२ साली मी ते पाडविले. खांब कवडीमोलाने विकले व काँक्रीटची खोली उभी केली. वडील त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र चौकटीचा एक तुकडा उचलून त्यांनी आपल्या उशाशी ठेवला. चैत्र-वैशाखात पंख्याखाली तळमळताना तो तुकडा मला आठवतो.

वडिलांनी गांधीजींचा तो विचार कधी ऐकला नव्हता. पण त्यांचे घर त्याच विचाराने उभे होते. जे आपल्या अंगणात होते, ते एका इंग्रजाने आयुष्य वेचून शिकून घेतले आणि आपण ते भंगारात दिले.

सर्वांनी पुन्हा कुडाच्या घरात राहावे, असे माझे म्हणणे नाही. कुटुंबे वाढली, जागा आटली. परंतु ज्यांचे जुने घर उभे आहे, त्यांनी ते पाडण्यापूर्वी त्याचे माप व छायाचित्र घ्यावे, खांब-कौले नव्या घरात योजावीत आणि वृद्ध सुताराला किंवा गवंड्याला चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. घर पडले तर पुन्हा बांधता येते. कारागीर गेला की त्याचे हात परत येत नाहीत.