दोन हातांचा कार्बन

१८५८ साली केक्युले यांनी कार्बनच्या अणूला चार हात असतात, म्हणजे त्याची संयुजा चार असते, असे प्रतिपादन केले आणि सेंद्रिय रसायनशास्त्राला पाया मिळाला. या चार हातांवर शंका घेणे म्हणजे त्या पायालाच धक्का देणे होते. तरीही शंका घेणारे होते.

गोष्ट सुरू होते केक्युलेंच्याही आधी. १८३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये द्यूमा आणि पेलिगो यांनी मिथेनॉलमधून पाणी काढून घेऊन ‘मिथिलीन’ मिळवण्याचा प्रयत्न केला. एक कार्बन, दोन हायड्रोजन. कागदावरची वजाबाकी चोख होती. भांड्यात मात्र तो पदार्थ गवसला नाही. उरले ते नाव.

१८६२ मध्ये गॉयथर यांनी क्लोरोफॉर्मवर अल्कलीची क्रिया होताना दोन क्लोरीन असलेला, दोनच हातांचा कार्बन क्षणभर निर्माण होत असावा, असे सुचवले. पुढे शिकागोत नेफ यांनी तर या कल्पनेवर आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली. आयसोसायनाइडांबाबत त्यांचे म्हणणे टिकले. परंतु साध्यासुध्या अभिक्रियांतही त्यांना मिथिलीनच दिसू लागले. अतिव्याप्तीने चांगल्या कल्पनेचे किती नुकसान होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९१५ साली नेफ वारले, तेव्हा मिथिलीन हाती आलेले नव्हते.

मग १९५० साली जॉर्जियातील जॅक हाइन यांनी क्लोरोफॉर्मचे जुने कोडे घड्याळ लावून सोडवले. त्यांचा तर्क पाहण्याजोगा आहे. अल्कली जर थेट कार्बनवर चाल करून क्लोरीनला हुसकावत असेल, तर जितके क्लोरीन अधिक तितकी वाट अडलेली आणि अभिक्रिया मंद व्हायला हवी. म्हणजे डायक्लोरोमिथेन सर्वांत वेगवान, मग क्लोरोफॉर्म, शेवटी कार्बन टेट्राक्लोराइड. प्रत्यक्षात क्लोरोफॉर्म त्या दोघांनाही फार मागे टाकतो! दुसरा पुरावा याहून नेमका. थायोफिनॉलचा क्षार एरवी क्लोरोफॉर्मला जवळजवळ शिवत नाही. अल्कली घालताच अभिक्रिया भराभर होते. अर्थ असा की अल्कली आधी हायड्रोजन काढून नेते, मग एक क्लोरीन स्वतःहून निघून जातो, आणि उरलेला दोन हातांचा, आठाऐवजी सहाच इलेक्ट्रॉन बाळगणारा कार्बन समोर येईल त्याला पकडतो.

१९५४ मध्ये डोरिंग आणि हॉफमन यांनी त्याच्यापुढे सायक्लोहेक्सीन ठेवले. त्या भुकेल्या कार्बनने दुहेरी बंधावर झडप घातली आणि तीन कार्बनांचे कडे तयार झाले. ‘कार्बीन’ हे नाव डोरिंग, विन्स्टीन आणि वुडवर्ड यांना शिकागोत रात्रीच्या टॅक्सीत सुचले, असे खुद्द डोरिंग यांनीच तळटीपेत नोंदवून ठेवले आहे. तळटीपा वाचाव्यात, त्या यासाठी.

तरीही कार्बीन म्हणजे क्षणजीवी, हा समज कायम होता. बर्लिनच्या वान्झ्लिक यांना तो मान्य नव्हता. कार्बीनच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन बसवले, तर ते आपले इलेक्ट्रॉन उसने देऊन त्याला सावरतील, हा त्यांचा विचार बरोबर होता. हाती मात्र दोन कार्बीन एकमेकांना चिकटून झालेली जोडी आली. १९६८ मध्ये धातूशी बांधलेले कार्बीन मिळाले, सुटे नाही. सुट्या, टिकाऊ कार्बीनचा पहिला दावा १९८८ मध्ये फ्रान्समध्ये बर्त्राँ यांनी केला. १९९१ साली ड्युपाँ कंपनीत आर्डुएंगो यांनी नायट्रोजनांवर अॅडमँटेनचे अवजड गोळे चढवले आणि रंगहीन स्फटिक मिळवले. हवा व ओलावा दूर ठेवला तर ते बाटलीत राहतात, आणि २४० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटन न होता वितळतात.

या कुळातले कार्बीन आज ग्रब्ज यांच्या दुसऱ्या पिढीच्या उत्प्रेरकात रुथेनियमला धरून बसलेले असते. आणि १९५८ मध्येच ब्रेस्लो यांनी दाखवले होते, की जीवनसत्त्व ब-१ मधील ज्या कार्बनवर सारी क्रिया घडते, तो हायड्रोजन सोडून अशाच रूपात काम करतो. नेफ ज्याचा शोध घेत होते, त्याचा एक जवळचा आप्त त्यांच्या स्वतःच्या पेशींत रोज राबत होता.