चाल शिकवणारी वस्तू : टीएम, अंकुश आणि लगाम

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेतील पहिले दोन व्हिडिओ गेम विक्रीस आले. त्यांत ‘टेक्निकल मशीन’ नावाच्या ५० वस्तू होत्या. खेळाडू त्यांना टीएम म्हणतात. पिशवीतून टीएम काढायचे, पाळलेल्या प्राण्यावर वापरायचे, की तो प्राणी क्षणार्धात नवी चाल शिकतो. सराव नाही, चूक नाही, गुरू नाही. विद्या वस्तूत भरलेली असते आणि ती प्राण्यात ओतली जाते.

ही कल्पना निव्वळ खेळातली आहे की इतिहासात तिला काही पूर्वज आहेत? या थ्रेडचा विषय तोच आहे.

प्रथम खेळाचे नियम, कारण पुढे ते उपयोगी पडतील. एका प्राण्याला एका वेळी चारच चाली येतात. पाचवी शिकवायची तर आधीची एक विसरावी लागते. मूळ खेळात टीएम एकदाच वापरता येई, वापरले की संपले. त्यामुळे दुर्मीळ टीएम कोणावर खर्च करायचे, या विवंचनेत मुले ते शेवटपर्यंत पिशवीतच ठेवत. प्रत्येक प्राणी प्रत्येक टीएम स्वीकारत नसे. पहिल्या आवृत्तीत मॅजिकार्प नावाच्या बिचाऱ्या माशाला एकही चालत नसे. याशिवाय ‘हिडन मशीन’ नावाच्या पाच वस्तू होत्या. त्या कितीही वेळा वापरता येत, पण त्यांनी शिकवलेली चाल प्राण्याला सहजासहजी विसरता येत नसे. २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’पासून टीएमही न संपणारी झाली. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये ती पुन्हा एकदाच वापरायची ठरली, मात्र साहित्य गोळा करून नवी बनवता येऊ लागली.

आता मराठी भाषेकडे पाहावे. प्राण्याला वळण लावणाऱ्या वस्तूंनी आपल्याला कोणते वाक्प्रचार दिले? अंकुश ठेवणे, लगाम घालणे, वेसण घालणे. तिन्हींचा अर्थ एकच : आवरणे. एकाही वस्तूवरून ‘शिकवणे’ या अर्थाचा प्रयोग रूढ झाला नाही. खेळातली वस्तू प्राण्यात भर घालते. इतिहासातली वस्तू त्याला आधी अडवते. ‘शिकवणे’ म्हणजे इतर सर्व वाटा बंद करून एक मोकळी ठेवणे, हे ज्यांनी हत्ती-घोडे हाताळले त्यांना पक्के ठाऊक होते.

याचा अत्यंत जुना आणि स्पष्ट पुरावा एका परकीयाने नोंदवला आहे. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस इसवी सनपूर्व चौथ्या शतकात सिंधूच्या खोऱ्यात आला. त्याचा वृत्तांत पुढे एरियनने आपल्या ‘इंडिका’ या ग्रंथात वापरला. त्यात भारतीय घोड्यांच्या साजाचे वर्णन आहे. घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा शिवलेला पट्टा असे आणि त्यावर आतल्या बाजूला वळलेले, फार तीक्ष्ण नसलेले तांब्याचे किंवा लोखंडाचे काटे असत. श्रीमंतांच्या घोड्यांना हस्तिदंती काटे! तोंडात एक लोखंडी कांब असे आणि तिला ओढ्या जोडलेल्या असत. ओढी खेचली की कांब घोड्याला आवरी आणि काटे टोचल्यामुळे तो मुकाट्याने वळे. वस्तूत भरलेली ‘विद्या’ ती एवढीच : वेदना कधी होईल आणि कधी थांबेल याची ग्वाही.

अंकुशाचे काम याहून सूक्ष्म आहे. त्याला एक सरळ टोक आणि एक वाकडा आकडा असतो. टोकाने पुढे रेटायचे, आकड्याने मागे ओढायचे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’नुसार अकबराने अंकुशाला ‘गजबाग’ असे नाव दिले होते. ‘बाग’ म्हणजे लगामाची दोरी. हत्तीला लगाम घालता येत नाही. तेव्हा हातभर लोखंडालाच लगाम म्हटले. नामकरण चपखल आहे, यात शंका नाही. पण कुशल माहूत बहुतेक काम आपल्या पायांनीच करतो. हत्तीच्या कानांमागे पावले दाबून तो दिशा सांगतो. अंकुश बराच वेळ नुसता हातात असतो. म्हणजे हत्ती ज्या खुणेवर चालतो ती खूण माणसाच्या अंगात असते आणि अंकुश तिची आठवण करून देतो. नव्या माहुताच्या हाती जुना अंकुश दिला म्हणून जुनी समज हस्तांतरित होत नाही.

त्याच एरियनने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. नुकते पकडलेले हत्ती दुःखाने अन्न सोडत, तेव्हा भारतीय लोक त्यांच्याभोवती जमून ढोल-झांजा वाजवत आणि गाणी म्हणून त्यांना शांत करत. मराठीत ‘चाल’ हा शब्द पावलांना, डावपेचाला आणि गाण्यालाही लागतो. इथे एक चाल शिकवण्यापूर्वी दुसरी ऐकवावी लागत होती, असे म्हणता येईल. अडवणाऱ्या वस्तूंच्या या लांबलचक यादीत वाद्य हा एकमेव अपवाद दिसतो.

घोड्यांच्या चाली तर आपल्या पूर्वजांनी मोजून ठेवल्या. ‘अमरकोशा’त घोड्याच्या पाच गती दिल्या आहेत : आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. खेळापेक्षा एक जास्तच! (‘वल्गित’ ज्या धातूपासून आले त्याचा अर्थ उसळणे, उड्या मारणे. निवडणुकीच्या काळात वर्तमानपत्रे वापरतात ती ‘वल्गना’ याच घराण्यातली.) कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात हत्ती आणि घोडे फिरवण्याचे राजविनोद स्वतंत्र प्रकरणांत आले आहेत. घोड्याची चाल ही राजाने जाणून घ्यावी अशी विद्या होती, हे त्यावरून कळते.

मराठीत रेवाल किंवा रहवाल म्हणून ओळखली जाणारी चाल विशेष नावाजलेली. तिच्यात घोडा एका बाजूचे पुढचे आणि मागचे पाऊल जवळजवळ एकत्र उचलतो. स्वाराला हिसके बसत नाहीत आणि लांबचा प्रवास सुखाचा होतो. काही घोड्यांना ती उपजत येते. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत हीच धाटणी शिकवण्यासाठी घोड्याचा एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय दोरीने जोडत. नेहमीच्या दुडकीत समोरासमोरचे, तिरपे पाय एकत्र उचलले जातात. दोरीमुळे ते अशक्य होई. नवी चाल शिकायची तर जुनी विसरावी लागते, हा खेळातला नियम इथे दोरीच्या गाठीत दिसतो.

सर्व वस्तू प्राण्यासाठीच होत्या असे मात्र नाही. भाजे, सांची आणि मथुरा येथील इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील शिल्पांत पट्ट्यात पाय अडकवलेले स्वार दिसतात. लोखंडी रिकीब पुढे आली. हे तिचे आरंभीचे रूप मानले जाते. रिकिबीने घोड्याला काहीच शिकवले नाही. तिने माणसाला बसायला शिकवले.

मराठ्यांच्या फौजेत हा प्रश्न व्यवस्थेचा झाला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. सभासदाच्या बखरीनुसार पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगीर ज्या घोड्यावर बसे तो त्याने स्वतः वाढवलेला असेलच असे नाही. परक्या स्वाराची खूण घोड्याला कळायची तर सर्वांच्या खुणा सारख्या हव्यात आणि घोडा आधीच कोणीतरी तयार केलेला हवा. त्या ‘कोणीतरी’साठी मराठीत नेमका शब्द आहे : चाबूकस्वार, म्हणजे नवा घोडा फेरून तयार करणारा. इथे भाषेनेही वस्तूपुढे माणूस जोडला आहे. इतिहासात सरदारांची नावे राहिली, त्यांच्या घोड्यांचीही काही राहिली. चाबूकस्वार मात्र जवळजवळ सगळे निनावी आहेत. त्यांच्या हातातले चाबूक आणि लगाम संग्रहालयांत सापडतात. ते लगाम किती सैल धरायचे, हे कोणत्याही कपाटात सापडत नाही.

काट्यांचे लगाम निआर्कसबरोबर संपले नाहीत. १९६५ साली केंद्र सरकारने ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केलेल्या नियमांत काटेरी लगाम, काटेरी काठी आणि इजा करणारा साज वापरण्यास मनाई करावी लागली. सव्वादोन हजार वर्षांनंतरही एखादी वस्तू कायद्याने थांबवावी लागते, याचा अर्थ ती तोपर्यंत वापरात होती.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेकाठी मणिबेली आहे. त्याच जिल्ह्यात दक्षिणेला, तापीकाठी, शहादा तालुक्यातले सारंगखेडा आहे. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार. देशभरातून घोडे येतात. नाचणाऱ्या घोड्यांच्या स्पर्धा होतात. गिऱ्हाईक घोड्याचा रंग पाहतो, अंगावरच्या खुणा आणि भोवरे पाहतो, दात पाहतो. मग मालक घोडा चालवून दाखवतो आणि गर्दी बाजूला सरते. रेवाल चाल स्वच्छ पडली तर बोली वाढते. लगाम, खोगीर आणि घुंगरांच्या माळा शेजारच्या दुकानांत वेगळ्या भावाने मिळतात.