मोट, मोटर आणि शीतक-पंप : नियंत्रणाच्या भाषेचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव हे मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव होय. अशा गावी ‘मोटर’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. रस्त्यावर तो वाहनाचा वाचक असतो. शेतात मात्र ‘मोटर चालू कर’ म्हणजे विहिरीवरील पंप चालू कर, असाच अर्थ घेतला जातो. मोटेची जागा मोटरीने घेतली, म्हणून या दोन शब्दांचे नाते जुळविण्याचा मोह होतो. परंतु ते ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे. वस्तूंचे नाते मात्र खरे असून आज ते मोटारगाडीच्या अंतरंगात जाऊन पोहोचले आहे.

१९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत, प्रारंभीच्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले खाली उतरे. एवढ्यावर काम भागे. इंजिने अधिक शक्तिमान झाली तेव्हा पट्ट्यावर फिरणारा पंप सार्वत्रिक झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११०० याच परंपरेतली. या पंपाला स्वतःची इच्छा नसे. इंजिन मंद असता तो मंद, इंजिन थांबताच तोही थांबे. मग घाट चढून आलेल्या गाडीचे पाणी उभ्या जागी उकळे. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एन-५२ इंजिनात विजेचा पंप आला, आणि २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये पट्टाच उरला नाही.

पट्टा गेला, तेव्हा बंधनाच्या जागी आज्ञा आली. ही आज्ञा तारांतून जाते. सुमारे २०० वॅटचा पंप १२ व्होल्टवर जवळजवळ १७ अँपिअर प्रवाह घेतो. एवढा प्रवाह तापमानाच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. म्हणून स्विच केवळ रिलेच्या वेटोळ्याला चेतवितो आणि रिले मुख्य प्रवाह जोडतो. फ्यूज बॅटरीच्या निकट असावा लागतो, कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तार नेहमीच अरक्षित असते. जर्मन डीआयएन ७२५५२ प्रमाणानुसार ३० म्हणजे बॅटरीचा थेट धन, १५ म्हणजे किल्लीनंतरचा धन, ३१ म्हणजे ऋण, ८५-८६ म्हणजे रिलेचे वेटोळे आणि ८७ म्हणजे निर्गम. हे अंक नव्हेत, शब्दच होत. वेटोळ्याला १५ वरून वीज दिल्यास किल्ली काढताच पंप थांबतो; ३० वरून दिल्यास तो इंजिन थंड होईपर्यंत चालू शकतो, पण स्विच अडकून बसल्यास बॅटरी रिती होते. एका पदाच्या बदलाने वाक्याचा अर्थ पालटावा, तसे हे आहे.

ब्रशविरहित पंपाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या अंगीच इलेक्ट्रॉनिक मंडल असते. त्याचा पुरवठा तोडत-जोडत वेग घटविणे अयोग्य ठरते. वेगाची आज्ञा स्वतंत्र तारेने, स्पंदांच्या रुंदीतून, कळवावी लागते. येथे शक्ती आणि संकेत यांची पूर्ण फारकत झाली.

विहिरीवरील स्टार्टरचे मर्मही हेच : बारीक प्रवाहाने मोठ्या प्रवाहावर हुकमत. भेद एवढाच की, वीज जाऊन आली तरी स्टार्टर बटण दाबल्यावाचून पुन्हा जुळत नाही; गाडीतील रिले मात्र स्विच जुळलेला असेल तर आपोआप जुळतो. म्हणूनच किल्ली काढलेल्या गाडीतही पंखा वा पंप अकस्मात फिरू शकतो, आणि कारागिराच्या हाताला इजा होऊ शकते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या, द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांत इंजिनच नाही. तेथे पट्टा संभवतच नाही. सैल पट्ट्याची किंकाळी कानाला कळे. हरवलेला संकेत कानाला कळत नाही. ज्ञान कानाकडून मापकाकडे सरकले आहे. तथापि ज्याने विहिरीवरील स्टार्टर उघडून पाहिला आहे, त्याला हे व्याकरण सर्वस्वी परके नाही. त्याच्याच शब्दांत ते मांडले जाणे, एवढेच काय ते उरले आहे.